हाताने घट्ट, वर पाव

घरात सगळ्यात आधी सैल झालं ते साखरेच्या बरणीचं झाकण.

लोक विचारतात, "काका विसरायला कधीपासून लागले हो?" बाई सांगतात, "झाकणापासून." विचारणाऱ्याचा चेहरा असा होतो की आता हिचंही सुरू झालं वाटतं. बाई वैतागतात. बरोबर उत्तर दिल्यावर कीव केल्यासारखं बघणारी माणसं त्यांना मुळीच खपत नाहीत.

त्या घराची एक पद्धत होती. जे काही उघडायचं असेल, बरणी, औषधाची बाटली, रंगाचा डबा, ते ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. काका कामावरून आले की पिशवी खाली ठेवायचे आणि हात धुवायच्या आधी कोपरा मोकळा करायचे. मनगटाचा एकच झटका, कपाळाला आठी नाही. बंदही तेच करायचे. त्यांनी बंद केलेलं दुसऱ्या कोणाच्या बापाला उघडायचं नाही. लेक लहान असताना बिस्किटांचा डबा फळीवर चढवायची गरजच पडली नाही. काकांकडून बंद करून घेतला की डबा तिच्या समोर ठेवला तरी चालायचा. ती त्याच्याकडे बघत रडायची.

तर त्या दिवशी बरणी कोपऱ्यात होती. काकांनी उचलली, झटका दिला. झाकण ढिम्म. त्यांनी बरणी पोटाशी घेतली, फडकं गुंडाळलं, ओठ आवळले. मग होती तशी ठेवून दिली आणि म्हणाले, "नंतर बघू. भूक लागलीय."

ते आत गेल्यावर बाईंनी झाकण गरम पाण्याखाली धरलं आणि उघडलं. हात दुखत असेल, वय झालं, चालायचंच. पण दोन दिवसांनी काकांनीच बंद केलेलं झाकण बाईंच्या नुसत्या दोन बोटांनी उघडून आलं, तेव्हा त्या हातात झाकण घेऊन स्टुलावर बसल्या. पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

काका म्हणजे पावकाका. खरं नाव मतदार यादीत असेल. धंद्याने प्लंबर. त्या भागातल्या निम्म्या इमारतींच्या भिंतींतून त्यांनी घातलेले पाइप गेलेले. कामाचा नियम एकच. नळ असो की नट, आधी हाताने आवळायचा, हात जाईल तिथपर्यंत. मग पाना लावायचा आणि फक्त पाव वेढा द्यायचा. अर्धा नाही, पाऊण नाही. "हाताने घट्ट, वर पाव," ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे. "कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर आटे जातात. वायसर गेला तर दोन मिनिटांत नवा घालीन. आटे गेले की वस्तू फेकायची, मग मला बोलवू नका." हे पुराण सांगितल्याशिवाय पायरी उतरायचे नाहीत. त्यावरून पावकाका. नव्या भाडेकरूंना वाटायचं, बेकरीवाले असतील. तिसऱ्या मजल्यावरच्या एका नव्या सुनेने तर त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "काका, दोन लाद्या मिळतील का?" काका म्हणाले, "मिळतील की. बाथरूममध्ये बसवू की स्वयंपाकघरात?"

बाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. शास्त्राची पदवी, खणखणीत आवाज, आणि चूक झालेली दिसली की जीभ आवरायची नाही. प्रयोगशाळेतला नळ तासभर टपटप करत होता म्हणून शिपायाने कुठून तरी हा प्लंबर धरून आणला. "बाई, तुमचं चालू द्या. मी आवाज करणार नाही," असं म्हणून तो बेसिनखाली शिरला. बाई आठवीला तरफ शिकवत होत्या. तास संपला, मुलं पळाली. हा बेसिनखालून बाहेर आला आणि पाना पुसत म्हणाला, "बाई, हे मी रोज करतो. याला नाव आहे हे माहीत नव्हतं."

या एका वाक्यावर बाईंनी लग्न केलं. घरचे म्हणाले, "अगं, आठवी शिकलेला आहे." बाई म्हणाल्या, "उरलेलं मी शिकवीन."

लग्नानंतरही काका त्यांना बाईच म्हणत राहिले. फरक एवढाच झाला की "बाई, चहा घेता का?" च्या जागी "बाई, चहा घेतेस का?" आलं. बाई आणि वर 'घेतेस', असं विचित्र जोडकाम. शेजारणी तोंडाला हात लावून हसायच्या. बाईंना मात्र ते आवडायचं, फार आवडायचं, फक्त कोणाला सांगितलं नाही. अख्ख्या शाळेच्या त्या बाई होत्या. 'घेतेस' म्हणणारा एकच होता.

झाकणानंतर सातआठ महिन्यांनी विसरणं आलं. समोरच्या इमारतीत एका घरी बेसिनचा नळ बदलायला काका गेले, बदलून आले, जेवले आणि पिशवी उचलली.

"कुठे?"

"समोर. बेसिनचा नळ आहे."

बाईंना वाटलं, काही राहिलं असेल. पण संध्याकाळी ते तिसऱ्यांदा निघाले तेवढ्यात त्या घरून फोन आला. "बाई, काका चांगला बसवलेला नळ काढतात आणि परत बसवून जातात. आम्ही काही बोललो नाही, मोठं माणूस. पण मघाशी तिरपा बसवून रेटला हो. आटे गेले."

पावकाकांच्या हातून आटे गेले! बाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"आज सुट्टी."

"कसली?"

"माझा वाढदिवस आहे."

वाढदिवसाला पाच महिने होते. एरवी काका म्हणाले असते, "वर्षातून किती वेळा जन्मतेस, बाई?" त्यांनी मुकाट्याने पिशवी सोडली आणि विचारलं, "मग गोड काय?" बाईंनी पिशवी खुंटीला लावली आणि लेकीला फोन केला.

लेक आली. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्याचा चुकलेला काना तिला पानभर मजकुरातून दिसतो आणि त्यावर लाल खूण केल्याशिवाय तिला घास उतरत नाही. कोणाची लेक ते सांगायला नको. तिने डॉक्टरांची वेळ घेतली, रिक्षा बोलावली, बाबांना स्वच्छ शर्ट घातला.

डॉक्टरबाई वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी काकांना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, साल विचारलं. घड्याळाचे सगळे आकडे काकांनी एकाच बाजूला गोळा केले. मग डॉक्टरबाईंनी एक दांड्याचं यंत्र हातात दिलं. मुठीत धरायचं आणि दाबायचं, काटा किलो दाखवतो. काकांचा चेहरा उजळला. हे त्यांच्या धंद्यातलं होतं.

त्यांनी दाबलं. काटा सोळावर थांबला.

"अजून, काका."

"हे हाताने घट्ट झालं," काका म्हणाले. "वर पाव द्यायचा तर पाना आणा."

डॉक्टरबाई हसल्या. बाईंना हसू आलं नाही. हा माणूस जन्मभर जोर राखून काम करायला शिकला, त्याला आता जोर राखू नको हे कसं सांगायचं?

"अहो, पूर्ण लावा जोर."

"मोडेल ना त्यांची वस्तू!"

"मोडू दे. मी बघते काय ते."

काकांनी दात आवळले, मान थरथरली, कानापर्यंत लाल झाले. एकोणीस.

बाई त्या काट्याकडे बघत राहिल्या. जोर राखून सोळा आणि जीव काढून एकोणीस. मधे तीन किलोंचा काय तो शिल्लक माल.

"या वयात पकड अशी उतरली की पुष्कळदा डोकंही उतरत असलेलं दिसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून आम्ही पकड बघतो, चालण्याचा वेग बघतो, खुर्चीतून कसं उठतात ते बघतो."

"म्हणजे पकड वाढवली तर?"

"व्यायाम जरूर करू द्या. पडायचे नाहीत, झोप लागेल, भूक लागेल. पण डोक्याचं मी वचन देणार नाही. दोन्ही बरोबरीने उतरतात असं दिसतं. एकामुळे दुसरं, असं धरून चालू नका."

बाईंनी पहिलं वाक्य उचललं आणि शेवटचं तिथेच टेबलावर ठेवून आल्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर लेकीने विषय काढला. काका खाली रिक्षावाल्याशी बोलत होते. "आई, माझ्याकडे दोन खोल्या आणि पाच माणसं. ती वृद्धांची संस्था मी बघून आलेय. स्वच्छ आहे. चोवीस तास माणूस असतो."

"बघूनसुद्धा आलीस?"

"कोणीतरी बघायला हवंच होतं ना?"

"मला तीन महिने दे. एकोणीसचे पंचवीस करून दाखवते."

"आणि मग?"

"मग काय ते बघ."

लेकीने चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पण माझी एक अट आहे. बाबा तुला ओळखतात तोवर घरी. ज्या दिवशी ओळखलं नाही त्या दिवशी तू माझ्याशी वाद घालायचा नाहीस. उद्या घरात कोण परकी बाई शिरली म्हणून हात उगारला तर? आणि हात तर तू दणकट करायला निघालीस."

"मला नाही ओळखणार तर काय तुला ओळखणार?" बाई फणकारल्या आणि पायऱ्या उतरल्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. सकाळी रबरी चेंडू, पन्नास वेळा उजव्या हाताने, पन्नास डाव्या. मग खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठायचं. मग पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत. आणि मग पिळणं. बाईंनी घरातले सगळे टॉवेल भिजवले. ते संपल्यावर चादरी भिजवल्या. चादरी संपल्यावर शेजारणीचे पडदे मागून आणले. शेजारीण म्हणाली, "अहो बाई, परवाच धुतलेत." बाई म्हणाल्या, "मग पुन्हा धुवू."

"बाई, ही कसली शिक्षा करतेस?" काका टॉवेल पिळता पिळता विचारायचे.

"गृहपाठ न केल्याची."

"केला होता की. वही घरी राहिली."

असं बोलले की बाईंना दिवस सोन्याचा वाटायचा. करतेस. बोलण्याच्या शेपटीला ते 'तेस' लागलं की त्या आतल्या आत हुश्श करायच्या.

खरं तर त्यांना सगळं कळत होतं. वर्षानुवर्षं त्यांनी वर्गात वायुभारमापक शिकवला होता. पारा उतरला की वादळ येतं, मग पाऱ्याने वादळ आणलं का? मुलं एका सुरात "हो बाई" म्हणायची आणि बाई फळ्यावर डस्टर आपटायच्या. "अरे गाढवांनो, हवेचा दाब कमी झाला म्हणून पारा उतरला आणि त्याच दाबामुळे वादळ आलं. तुम्ही नळी हलवून पारा वर चढवलात तर वादळ परत जाईल का?" आता त्या स्वतः रोज सकाळी नळी हलवत होत्या. टॉवेल पिळणाऱ्या त्या हातांकडे बघताना हे लख्ख आठवायचं. मग त्या म्हणायच्या, "अजून दहा." दुसरं करण्यासारखं होतं काय? गोळ्या होत्या त्या चालूच होत्या. हात तेवढे समोर दिसत होते.

महिन्याने दवाखान्यातल्या यंत्रावर आकडा एकवीस. दोन महिन्यांनी तेवीस. काकांच्या गालांवर मांस आलं. जिन्यात थांबेनासे झाले. खालचा किराणावाला म्हणाला, "काका, दुसरं लग्न करताय की काय?" बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस सुधारतोय. घरात मात्र डोकं पुसायला चड्डी घेतली जात होती. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईला हाका मारून झाल्या. लेकीचं नाव निम्मं आठवायचं. वाक्यं आखूड होत होती, नळाचं पाणी बंद होताना धार बारीक होते तशी. "बाई, चहा घेतेस का" चं "बाई, चहा" झालं. शेपटी गेली. बाईंनी मनाला समजावलं, दमतात बोलायला.

आणि मग आवळणं सुरू झालं.

जोर परत आला तशी हातांना कामाची आठवण आली असावी. काका सकाळी उठले की घरभर फिरायचे. स्वयंपाकघराचा नळ, बेसिनचा, न्हाणीघरातले दोन. प्रत्येकाशी थांबायचे, हाताने आवळायचे आणि वर पाव द्यायचे. नियमाने, नीट. पुढे जाऊन वळायचे, पुन्हा पहिल्या नळाशी यायचे. आपण मघाशी आवळला हे विसरलेले. पुन्हा वर पाव. दिवसभरात एका नळावर किती पाव चढायचे याला गणती नाही. झाकणं तशीच, बाटल्या तशाच. एकदा साखरेच्या बरणीत साबणाची वडी घालून असं झाकण लावलं की बाईंना ती बरणी शेजारणीच्या नवऱ्याकडे न्यावी लागली. त्याने ती उघडली, आत बघितलं, आणि भला माणूस काही न विचारता परत केली.

बाईंनी पाना लपवला. पण पाना लपवला तर हात कुठे लपवणार? सगळ्या नळांना टेप गुंडाळून बघितली, ती काकांनी कौतुकाने सोलून काढली. चिठ्ठ्या लावल्या, 'घट्ट आहे'. काकांनी चिठ्ठी वाचली, "बघू तरी," म्हणाले आणि आवळला.

आता बाईंना नळ उघडेना. सुरुवातीला वाटलं, यांनी फारच आवळलाय. फडकं घेतलं, रबरी हातमोजे घेतले, दोन्ही हातांनी लोंबकळल्या. अंगठ्याच्या बुडाशी कळ निघून कोपरापर्यंत गेली. मग काकांनाच हाक. काका यायचे, एका झटक्यात उघडायचे, "पाणी" म्हणायचे. बाई भरतील तेवढं भरून घ्यायच्या. पाठ फिरली की काका बंद करायचे, वर पाव. घरात पातेली, बादल्या, तांबे, जुनी बरणी, जे मिळेल त्यात पाणी भरून ठेवलेलं. नळाला पाणी नसलेल्या घरासारखं, आणि तेही प्लंबरच्या.

तीन महिने झाले. दवाखान्यात काकांनी ते यंत्र हातात घेतलं आणि दाबलं. पंचवीस.

"अरे वा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. बाईंनी लेकीकडे बघितलं. लेक डॉक्टरबाईंच्या दुसऱ्या कागदाकडे बघत होती. पाच शब्दांतला एकही नाही. साल नाही. घड्याळ या वेळी काढलंच नाही; काकांनी गोल काढला, मधे एक भोक काढलं आणि म्हणाले, "वायसर."

"तुम्ही दाबून बघता?" डॉक्टरबाईंनी सहज यंत्र बाईंपुढे केलं. बाईंनी दाबलं. काटा बारावर अडखळला. "संधिवात आहे का? बघायला हवं हं तुमचंही."

"माझं डोकं ठीक आहे," बाई म्हणाल्या, जरा मोठ्यानेच.

मग डॉक्टरबाई काकांकडे वळल्या, बाईंकडे बोट दाखवून विचारलं, "काका, या कोण?"

लेकीने मान वर केली.

काकांनी बाईंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसून म्हणाले, "बाई."

डॉक्टरबाई थांबल्या. "बाई म्हणजे?"

"बरोबर आहे," बाई घाईने म्हणाल्या. "ते मला बाईच म्हणतात. पहिल्या दिवसापासून. विचारा हिला."

"हो," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आईला बाईच म्हणतात ते." डॉक्टरबाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. येताना रिक्षात लेक आईच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अजून तीन महिने बघू. तुला ओळखतात, एवढं पुष्कळ आहे."

काना चुकला तरी पकडणाऱ्या पोरीला एवढी मोठी शंका आली नाही. आली ती बाईंनाच. बाई तर नळ दुरुस्त करून घेणारी प्रत्येक बाई होती. जन्मभर ते दार वाजवून "बाई" म्हणत घराघरांत शिरले होते. एका शब्दावरून काय कळणार? शेपटी हवी होती. 'तेस' की 'ता', तेवढं कानावर पडलं असतं तर सोक्षमोक्ष लागला असता.

त्या दिवसापासून बाई ती शेपटी काढून घ्यायच्या मागे लागल्या. "मी चहा घेऊ का हो?" काका म्हणायचे, "चहा." "मला काही सांगायचंय का?" काका मान हलवायचे. "मी कशी दिसते आज?" असला प्रश्न बाईंनी तरुणपणीसुद्धा कधी विचारला नव्हता. काका म्हणाले, "बरं." बाईंना भोकाड पसरावं असं वाटलं, पण त्याचीही सवय नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी भरून ठेवलेलं पाणी संपलं. शेवटचा तांबा काकांच्या गोळ्यांना गेला. तांदूळ धुवायचे होते. बाईंनी स्वयंपाकघराचा नळ धरला. फडकं घेऊन धरला. हातमोजे घालून धरला. ओट्यावर कोपर टेकवून, लाटण्याचं टोक अडकवून, स्वतःच शिकवलेली तरफ लावून बघितली. लाटणं निसटून डब्यांवर आदळलं. बाई घामाघूम झाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका वस्तूला आईवरून शिवी दिली.

आवाजाने काका दारात आले. बाईंच्या हाताकडे बघितलं, नळाकडे बघितलं. एकदम त्यांची पाठ ताठ झाली, नजर जागेवर आली. कित्येक महिन्यांत असे दिसले नव्हते.

"सरा," ते म्हणाले.

बाई सरकल्या. 'सरा' कानात टोचलं, पण त्या मनाशी म्हणाल्या, घाई आहे, तोंडातून निघून गेलं असेल.

काकांनी नळावर हात ठेवला, डोकं तिरपं केलं, जणू काही ऐकत होते. मग झटका. धार भस्सकन पातेल्यात पडली. त्यांनी नळ दोनदा उघडबंद करून बघितला, बोटाने आटे चाचपले आणि तोंड वाकडं केलं.

"कोणी आवळला हो हा?" त्यांनी विचारलं. "कुठल्या अडाण्याचं काम? बाई, तुम्ही असल्या माणसांना घरात घेताच कशाला? हाताने घट्ट करायचं, वर पाव. बास. हे सांगत नाही का तुम्हाला कोणी?"

अख्खं वाक्य. तीन महिन्यांतलं सगळ्यात लांब, एकही शब्द न अडखळता. बाई ओट्याला धरून उभ्या होत्या. पातेलं भरून वाहायला लागलं होतं.

"सांगतात," त्या म्हणाल्या. "एक आहेत. तेच करतात आमच्याकडचं काम."

"बदला त्याला."

"बघते."

"नाहीतर आटे जातील. आटे गेले की मला बोलवून उपयोग नाही." काकांनी ओट्यावरच्या फडक्याला हात पुसले, पिशवी शोधल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "यजमान घरी नाहीत वाटतं?"

"नाहीत."

"मग निघतो मी."

निघाले ते बैठकीच्या खोलीपर्यंत. तिथे खुर्ची दिसली तेव्हा बसले आणि सवयीने रबरी चेंडू उचलून दाबायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा. रोज कामावर जाताना करते.

"काय म्हणतात बाबा?"

बाईंनी वाहणाऱ्या पातेल्याखाली दुसरं पातेलं सारलं. दणकट झालेल्या त्या हातांची आठवण झाली, मग वृद्धांच्या स्वच्छ खोलीची. तिथल्या नळांचीही. तिथे सगळ्यांनाच ते बाई म्हणतील, आणि सगळ्यांनाच तुम्ही.

"आई? ओळखलं ना तुला आज?"

"बाई म्हणाले," बाई म्हणाल्या.

खोटं त्या कधी बोलत नसत. हेही खोटं नव्हतं.

"चला, बरं झालं," लेक म्हणाली. "आणि आवाज कसला येतोय गं?"

"पाणी भरतेय. ठेव तू."

फोन ठेवून त्या घाईघाईने तांबे, बादली, बरणी एकामागून एक धारेखाली धरायला लागल्या. बरणी अर्धी झाली तोच मागे पावलं वाजली. काका परत आले होते. त्यांनी उघड्या नळाकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि बाईंच्या खांद्यावरून हात पुढे केला.

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या. "थोडंच राहिलंय."

"वाया जातं, बाई," काका म्हणाले. त्यांनी नळ बंद केला, हाताने घट्ट, आणि वर पाव दिला.